टाकीकडचा कोपरा

मी एक जुना रूळ आहे, मैदानाची माती दाबायचा. दगडी नाही आणि अस्सल लोखंडीही नाही. रस्त्याच्या ठेकेदाराने टाकून दिलेल्या डांबराच्या पिंपात सिमेंट आणि गिट्टी भरली, मोडक्या बैलगाडीची आस मधून आरपार घातली, पुढे ओढायला दांडा लावला, झालो मी. मित्रांनो, पिंपाला कसलं आयुष्य असं म्हणून हसू नका. मी जे पाहिलं ते खुर्चीवर बसणाऱ्यांनी पाहिलं नाही.

माझा जन्म हट्ट्याच्या बौद्धवस्तीतला, सन ब्याण्णवचा. गावातल्या मोठ्या मैदानावर वस्तीच्या पोरांची पाळी नेहमी शेवटी यायची, अंधार पडता पडता. मग पोरांनी विहारामागची पडीक जागा साफ केली आणि त्रिशरण क्रीडा मंडळ काढलं. खेळ कबड्डीचा. पण आपल्याकडची काळी माती तुम्हाला ठाऊक आहे. वाळली की हात जाईल एवढ्या भेगा, ओली झाली की पाय सोडत नाही. तिच्यावर पळायचं कसं? त्यासाठी मला बनवलं, आणि माझा दांडा धरला रत्नपालने.

रत्नपाल कधी खेळला नाही. लहानपणापासून त्याचा दम कच्चा होता, चार पावलांत धाप लागायची. पण खेळाचं वेड असं की त्रिशरणचा सामना असला की सकाळपासून अन्न नाही. सामना वसमतला असो की परभणीला, सायकल मारत जायचा आणि एवढा ओरडायचा की दोन दिवस घसा बसलेला. जवळा बाजारची पोरं त्याला हट्ट्याचा भोंगा म्हणायची. जवळ्याचं क्रांती मंडळ म्हणजे आमचा जुना प्रतिस्पर्धी. त्यांच्या लाल बनियनचा रत्नपालला एवढा राग की सात वर्षं जवळ्याच्या आठवडी बाजारात जाऊनही त्याने तिथं घोटभर चहा घेतला नाही. बायको करुणा म्हणायची, कपाशी विकायला चालते, चहा तेवढा चालत नाही, हे कुठलं शहाणपण.

त्रिशरणचा कप्तान रत्नपालचा सख्खा धाकटा भाऊ, धम्मानंद. चढाईला निघाला की उजव्या हाताच्या कोपऱ्यात शिरायचा, मागे लाथ मारायचा आणि परत यायचा. त्या लाथेवर सारी वस्ती जीव टाकायची.

आणि मैदान रत्नपालचं. माती खोदायची, ढेकळं फोडायची, चाळायची, त्यात पांढरी माती मिसळायची, पाणी मारून मुरू द्यायचं. मग पहाटे मूठभर माती दाबून कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडायची. लगदा पडला तर ओल जास्त, भुगा झाला तर ओल कमी. गोळा फुटून त्याचे दोन-तीन तुकडे झाले की वाफसा आला. तेवढ्या तासाभरात मला फिरवायचं. एका बाजूला रत्नपाल, दुसऱ्या बाजूला करुणा. साऱ्या मैदानावर सहा फेऱ्या. हे काम कुणी शिकवलं नव्हतं, आणि कुणी वाहवाही केली नव्हती. खेळणाऱ्याच्या गळ्यात हार पडतो. मैदान बनवणाऱ्याच्या पाठीत चमक भरते.

नव्व्याण्णव साली परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. जिल्ह्याचा स्वतःचा कबड्डी संघ निवडायचा ठरलं, आणि निवडीचे सामने जवळ्याच्या क्रांती मंडळाने मागून घेतले. मागून घेतले खरे, पण त्यांच्या मैदानाला टाचेएवढ्या भेगा. पाहणी करणारे येऊन सांगून गेले की आठवड्यात मैदान झालं नाही तर यंदा निवडच होणार नाही.

तेव्हा तातेरावांची जीप आमच्या वस्तीत आली. तातेराव म्हणजे क्रांती मंडळाचे अध्यक्ष, मोठे बागाईतदार. सात वर्षांत त्यांना आमची वाट सापडली नव्हती, भेगांनी दाखवली. करुणाने खुर्ची टाकली, चहा दिला. तातेराव खुर्चीवर बसले, बोलले गोड, पण कप हातातच धरून राहिले आणि निघताना तसाच भरलेला खाली ठेवला. दुसऱ्याच्या गावात चहा न पिणारा रत्नपालही होता, पण त्याचं कारण कबड्डी होतं. तातेरावांचं कारण काय होतं ते त्यांनाच विचारा.

रत्नपाल म्हणाला, "येतो. रूळ बी आणतो. पर काम करताना मधी कोणी बोलायचं न्हाई."

जीप वळली नाही तोच वस्ती त्याच्यावर तुटून पडली. म्हातारे अमृतराव मंडळाचे जुने खजिनदार. त्यांनी पारावरूनच विचारलं, "काय रे रत्नपाल, लाल बनियन कवा शिवून राहिला?" पोरं हसली. रत्नपालने शांतपणे सांगून पाहिलं की मैदान झालं नाही तर निवड नाही, आणि निवड नाही तर आपला धम्मानंद घरी बसणार. कुणाला पटलं, कुणाला नाही. ज्यांना पटलं ते गप्प बसले. गप्प बसणाऱ्यांचा मला फार कंटाळा आला आहे, मित्रांनो. का ते पुढे सांगतो.

धम्मानंदचं सारं त्या निवडीत अडकलं होतं. जिल्ह्याच्या संघात नाव आलं असतं तर राज्यापर्यंत खेळायला मिळालं असतं, आणि तिथून पोलीस भरतीत खेळाडूच्या जागेवर लागता आलं असतं. वय सत्तावीस. पुढच्या साली भरतीची दारं बंद. रत्नपालला हे झोपेतही ठाऊक होतं.

मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून जवळ्याला नेलं. सहा दिवस नवराबायको प्रतिस्पर्ध्याच्या मातीत राबली. भाकरी घरून बांधून नेत. सामने सुरू झाल्यावरही रोज संध्याकाळी पाणी, रोज पहाटे मी. मंडपाजवळ कार्यक्रमाची पत्रकं वाटली, त्यात तंबूवाल्याचं नाव होतं, बँडवाल्याचं होतं, फुलवाल्याचंही होतं. ज्या जमिनीवर खेळ होणार ती ज्याने बनवली त्याच्या नावाला जागा उरली नव्हती. रत्नपालने पत्रक घडी करून खिशात ठेवलं. मला राग आला. त्याला आला की नाही, कळलं नाही. तो माणूसच तसा होता, जे आत जायचं ते आतच.

अंतिम सामना व्हायचा तोच झाला. हट्ट्याचं त्रिशरण आणि जवळ्याचं क्रांती. त्या दिवशी उजाडताना आम्ही अर्धं मैदान उरकलं होतं, तेव्हा धम्मानंद आला. वहिनीकडे न बघता माझ्याबरोबर चालू लागला.

"दादा, टाकीकडचा कोपरा तेवढा सोड."

पाण्याच्या टाकीजवळचा, शेवटच्या रेषेला लागून असलेला तो कोपरा. रत्नपाल ओढत राहिला.

"दोन हात जागा. वरून फिरवल्यासारखं कर, पर दाबू नको. मुन्ना बी माझ्यासारखाच उजवीकडून घुसतो. तिथं माती भुसभुशीत राहिली की त्याचा पाय बसला म्हणून समज." मुन्ना म्हणजे क्रांतीचा चढाईवाला. "मला ठाऊक राहील. मी तिकडं पायच टाकणार न्हाई. दादा, पुढच्या साली माझं वय न्हाई राहत."

रत्नपाल थांबला. वाकला, माती उचलली, मुठीत दाबली, सोडली. गोळ्याचे तीन तुकडे झाले. ते बघत राहिला आणि काही बोलला नाही. धम्मानंदने माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि तो निघून गेला. त्याला जे ऐकायचं होतं ते त्याने ऐकलं होतं.

करुणा म्हणाली, "त्याला न्हाई म्हणा की."

"कळंल त्याला."

"कशानं कळंल? तोंड हाय ना तुमाला?"

रत्नपालने दांडा उचलला. मी कोपऱ्यावर गेलो. एक, दोन, तीन, चार. पाचव्या फेरीला तो मधेच थांबला. मी तसाच उभा. एवढा जड मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. त्याच्या घामाचे थेंब माझ्या पत्र्यावर पडत होते. जन्मभर ज्या संघासाठी घसा फाडला तो हरावा असं त्याला वाटत होतं का? मुळीच नाही. त्याला तो संघ जिंकायला हवा होता, भाऊ पोलीस व्हायला हवा होता, आणि हातून खोटं मैदान व्हायला नको होतं. तिन्ही एकाच वेळी. मग करुणानेच जोर लावला. पाचवी झाली, सहावी झाली. बाकी मैदानाएवढ्याच फेऱ्या. हे मी शपथेवर सांगतो, कारण ते माझ्याखालून गेलं आहे.

दुपारी सामना. नाणेफेकीत क्रांतीने बाजू निवडली आणि सारं उलटं झालं. पहिल्या डावात टाकीकडचा अर्धा भाग क्रांतीने राखला. म्हणजे मुन्नाच्या आधी धम्मानंदलाच त्या कोपऱ्याच्या अंगाने चढाया करायच्या होत्या. आणि तो कोपऱ्याकडे गेलाच नाही. ज्या उजवीकडे शिरून त्याने सात वर्षं गाव नाचवलं, तिकडे पाऊल टाकेना. चार चढायांत जवळ्याच्या पोरांनी ओळखलं की गडी आज डावीकडेच येतो. ते सारे डावीकडे दाटले. धम्मानंद पकडला गेला. पुन्हा पकडला गेला. टाकीकडचा कोपरा रिकामा, एक पोरगं तिथं नुसतं उभं. हट्ट्याची माणसं किंचाळत होती, उजवीकडं जा म्हणून. रत्नपाल खांबाला धरून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून आवाज निघत नव्हता.

मध्यंतराला आम्ही अकरा गुणांनी मागे.

बाजू बदलल्या. आता तो कोपरा राखायला धम्मानंद, आणि चढाईला मुन्ना. धम्मानंदच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा तरतरी आली. मुन्ना आला, उजवीकडे घुसला, पूर्ण जोर त्या कोपऱ्यात टाकून फिरला. पाय जिथे रोवला तिथून तसूभर हलला नाही. गुण घेऊन गेला. धम्मानंदने खाली बघितलं. टाचेने माती दाबून पाहिली. मग मान वर करून गर्दीत भावाला शोधलं. मित्रांनो, ती नजर मी टाकीखाली पडल्या पडल्या पाहिली. तिच्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर तो जीव तोडून खेळला, पण उशीर झाला होता. तीन गुणांनी हरलो. संध्याकाळी संघाची बारा नावं वाचली, त्यात मुन्नाचं नाव होतं, धम्मानंदचं नव्हतं. निवडणारे म्हणाले, हा एकाच बाजूने खेळतो.

मंडपात हारतुरे चालले होते. मुन्ना गुलालातून उठून आमच्याकडे आला आणि रत्नपालला म्हणाला, "काका, असं मैदान आमाला कधी भेटलं न्हाई. पाय कुठंच सटकला न्हाई." पोरगं मनापासून बोललं. सात वर्षांतली पहिली शाबासकी, आणि ती लाल बनियनकडून. रत्नपालने मान हलवली.

मग धम्मानंद आला.

"काहून बोलला न्हाईस?"

"तुझ्या डोळ्यांपुढं रूळ ओढत होतो."

"मी निघून गेल्तो ना." त्याने बनियनने तोंड पुसलं. "तू न्हाई म्हणला असतास तर मी खेळलो असतो, दादा."

 

वस्तीने रत्नपालला गद्दार ठरवलं. जवळ्याच्या लोकांनी ठरवलं की हट्ट्याच्या माणसाने नक्की काहीतरी गडबड करून ठेवली होती, तरी आपली पोरं भारी म्हणून जिंकलो. ज्याने काम सरळ केलं त्याच्यावर दोन्ही गावांचा अविश्वास. पुन्हा त्याने माझा दांडा धरला नाही. भिंतीला भिंत लागून दोन भावांची घरं, पण निरोप करुणामार्फत. धम्मानंद वसमतला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलू लागला. मी विहारामागे आडवा पडलो. माझ्या पत्र्याला भोकं पडली, दांडा कुणीतरी उपटून नेला, कोंबड्या माझ्या आडोशाला अंडी घालू लागल्या.

सन दोन हजार सहाला जवळ्यात कबड्डीची गादी आली. आता मातीच नको, म्हणजे मीही नको. पण पोरांना डाव शिकवणारा जुना खेळाडू हवा होता, आणि क्रांती मंडळाने बोलावलं ते धम्मानंदला. वस्ती पुन्हा पेटली. जाऊ नको म्हणणारे थोडे. जा, पण तिकडच्या पोरांना अर्धवट शिकव, असं सांगणारेच जास्त.

निघायच्या सकाळी तो विहारामागे आला. रत्नपाल माझ्यावर बसून बिडी ओढत होता. सहा-सात वर्षांत दोघांत शब्द नव्हता.

"लोक म्हणतेत, त्यांच्या पोरायला सारं शिकवू नको. मी कुणाला काही बोललो न्हाई अजून."

रत्नपालने बिडी माझ्या अंगावर विझवली.

"आत्ता जा. पारावर बसलेत समदे. तोंडावर न्हाई म्हणून ये, मग यष्टीत बस." विझलेलं थोटूक फेकलं. "मी मैदान बराबर केलं होतं, धम्मा. तुझ्याशी बराबर वागलो न्हाई."

धम्मानंद उभा राहिला, मग त्याच्या शेजारी माझ्यावर बसला. पहिली यष्टी गेली, त्याने जाऊ दिली. नंतर उठून पाराकडे गेला. तिथला आरडाओरडा आम्हाला इथवर ऐकू आला.

मित्रांनो, मला रंग द्या, सावलीत ठेवा, असलं मी काही मागत नाही. माझं वजनच उरलं आहे, ते कुठेही पडून राहील. पण तुमच्याकडून कुणी वाकडं काम करून घ्यायला आलं, आणि तो तुमच्या जिवाचा असला, तर नुसतं सरळ काम करून मोकळे होऊ नका. आधी त्याला नाही म्हणा, त्याला ऐकू जाईल असं. हात सरळ असून भागत नाही. आमच्या रत्नपालचे हात सरळच होते.