उजव्या हाताची नखं

माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताला चार लांब नखं होती आणि त्या नखांना आमच्या घरात जो मान होता, तो मला लग्नाच्या दिवशीही मिळाला नव्हता. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका. करंगळीला स्पॅनिश गिटारमध्ये काम नसतं, त्यामुळे तिचं नख बिचारं तुमच्या-आमच्यासारखं वेळच्या वेळी कापलं जायचं.

बाकीच्या चौघांसाठी काचेची कानस, मग सुतार वापरतात तसला पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक पॉलिश पेपर आणि झोपताना बदामाचं तेल. अभिनव लसूण सोलत नसे, डबे उघडत नसे, बकाल्यातून, म्हणजे इथल्या वाण्याकडून, आणलेलं सामान डाव्या हाताने उचलत असे आणि वरणभात चमच्याने खात असे, कारण हळदीने नखं पिवळी पडतात. पिवळ्या नखाने आवाज बदलतो का, असं मी एकदा विचारलं. त्याने मला नीट, सविस्तर, माझा चहा गार होईपर्यंत समजावून सांगितलं. तेव्हापासून मी विचारत नाही.

यातली गंमत अशी, की मी नर्स आहे. नुसती नर्स नाही, इन्फेक्शन कंट्रोल नर्स. हॉस्पिटलभर फिरून लोकांचे हात तपासायचे, हे माझं काम. अंगठी, नेलपॉलिश, वाढलेलं नख, काही म्हणजे काही सुटत नाही. मला लांबून येताना बघून वॉर्डातल्या पोरी हात पाठीमागे घेतात. माझ्या खिशात कायम नेलकटर असतं. आणि अभिनव त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढतो. म्हणजे अख्ख्या कुवेतमध्ये ज्याने नखं वाढवू नयेत, नेमकी त्यालाच कलेची ओढ लागली होती आणि तो माझ्याच घरात राहत होता.

ओढ लागली ती शहराच्या रुमैथिया भागात. तिथल्या एका व्हिलाच्या तळमजल्यावर एक सीरियन सर शिकवतात. तरुणपणी ते स्पेनमध्ये शिकून आले. त्यांच्या मते सगळं स्पॅनिश संगीत मुळात अरबांचंच, स्पेनने त्याला फक्त खुर्चीवर बसवलं. हे ऐकून मला अगदी घरच्यासारखं वाटलं. आपल्याकडेही जगातली प्रत्येक चांगली गोष्ट आधी आपलीच असते.

या सरांनी अभिनवला ट्रेमोलो शिकवायला घेतला. अंगठ्याने जाड तारांवर चाल धरायची आणि उरलेली तीन बोटं एकाच बारीक तारेवर पाठोपाठ टाकायची, इतकी भराभर की टोले ऐकूच येऊ नयेत, सलग सूर वाटावा. तीनही नखं सारख्याच लांबीची हवीत, नाहीतर सूर लंगडतो. आणि भराभर करण्याआधी ते सावकाश करायचं असतं. अभिनवने ते तीन वर्षं सावकाश केलं. टिण, टिण, टिण. नळ गळतोय म्हणून शेजारच्या रबियाने दोनदा बिल्डिंगच्या हारिसला, म्हणजे रखवालदाराला, आमच्याकडे पाठवलं. बिचारा पाना घेऊन आला आणि गिटार बघून परत गेला.

मी मिरजेची. आमच्याकडे गल्लीबोळात तंबोरे होतात, तेव्हा तारांचं मला कसलं कौतुक, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं सांगायचं तर नवरा इतका जीव लावून काहीतरी करतोय आणि त्यात मी कुठेच नाही, याचा मला राग यायचा.

तरी मी त्याला सांभाळून घेत होते. कामावर तो सदा ग्लोव्ह्ज घालून असायचा आणि लॅबची तपासणी मी नेमकी त्याच्या सुट्टीच्या दिवशी ठेवायचे. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी तिची सालटी काढली असती.

गणपतीत इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम ठरला. मंडळाचे अध्यक्ष बापू एका बँकेत मोठ्या पदावर आहेत आणि मंडळाला ते बँकेसारखंच चालवतात. अभिनवने धीर करून त्यांच्याकडे वेळ मागितली.

"गिटार? वा," बापू म्हणाले. "तबल्याला सुयशला सांगतो."

"तबला नाही लागत, बापू. एकट्यानेच वाजवायचं असतं. स्पॅनिश क्लासिकल आहे."

"मग लोकांनी ठेका कशावर धरायचा?"

"धरायचा नाही. ऐकायचं नुसतं."

बापूंना हे नवीन होतं. पण लोकशाही आहे, म्हणून जेवणाच्या आधीची चार मिनिटं त्याला मिळाली. अभिनवला एवढा आनंद झाला, की त्याने त्या दिवशी चक्क भांडी घासली. अर्थात रबरी हातमोजे घालून.

कार्यक्रम शुक्रवारी होता. गुरुवारी सकाळी आमच्या क्वालिटी विभागाच्या प्रमुख, फातिमा, माझ्या खोलीत आल्या. रविवारी बाहेरची तपासणी टीम येणार होती.

"सिस्टर प्रणिता, आज मी तुमच्याबरोबर फिरते," त्या म्हणाल्या. "लॅबपासून सुरुवात करू."

मी म्हटलं, आयसीयूपासून करू या, ते जास्त महत्त्वाचं. त्या म्हणाल्या, लॅब जवळ आहे. मी फाइल उचलली.

अभिनव खुर्चीवरच्या पेशंटच्या हाताला कापूस लावत होता. पेशंट गेला. फातिमांनी त्याला हसून ग्लोव्ह्ज काढायला सांगितले. त्याने डावा काढला. मग माझ्याकडे बघितलं आणि उजवा काढला.

फातिमांनी चारही नखं मोजल्यासारखी एकेक करून बघितली. मग माझ्याकडे वळल्या. "हे तुमचे मिस्टर ना?"

"हो."

"मग तुम्हीच सांगा, काय करायचं?"

लॅबमधली सगळी पोरं थांबून बघत होती. त्यातल्या निम्म्यांची नखं मी स्वतः उभं राहून कापायला लावली होती. एका पोरीच्या साखरपुड्याला दोन दिवस राहिले होते. ती रडली, तरी मी ऐकलं नव्हतं. ती समोरच उभी होती. मी खिशातून नेलकटर काढलं आणि अभिनवपुढे धरलं.

त्याने ते घेतलं नाही. मराठीत म्हणाला, "तूच काप. डाव्या हाताने मला नीट जमत नाही."

मग मी त्याचा हात हातात घेतला. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण त्याचा हात इतका वेळ असा धरल्याचं मला आठवत नव्हतं. नखं छान होती. कडा गोल, गुळगुळीत, आतून स्वच्छ. ड्यूटीवरच्या कुठल्याही नर्सपेक्षा स्वच्छ, हे मी शपथेवर सांगेन. मी एकेक कापत गेले. तो कुठेतरी भिंतीकडे बघत होता. कापलेली नखं मी जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली. फातिमा "थँक यू, सिस्टर" म्हणाल्या आणि आम्ही आयसीयूकडे गेलो.

घरी मी त्याला म्हटलं, सालमियाच्या बाजारात एका सलूनमध्ये खोटी नखं लावून देतात, उद्या सकाळी जाऊ. त्या सलूनमध्ये पुरुषांना पाऊल ठेवू देत नाहीत, पण मी त्या बाईला घरी आणलं असतं.

"कशाला," तो म्हणाला. "रविवारी परत तूच कापणार."

तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने मला नुसतं सांगितलं, की नुसत्या बोटाने वाजवणारेही जुने लोक होते, आवाज मऊ येतो, बारीक येतो.  मग तो हाताने कालवून वरणभात जेवला.

शुक्रवारी मंडळाने घेतलेला शाळेचा हॉल गच्च भरला होता. लेझीम झाली, मोदकांच्या पाककृतीचं बक्षीस झालं, बापूंचं भाषण दोनदा झालं. मागच्या दारातून मसालेभाताचा वास यायला लागला तेव्हा अभिनव स्टेजवर जाऊन बसला, डाव्या पायाखाली लहानसं स्टूल घेऊन. त्याने वाजवायला सुरुवात केली आणि काहीच ऐकू आलं नाही.

म्हणजे बोटं हलत होती. पण हॉलचा एसी जुन्या लॉरीसारखा घुमत होता आणि नखांशिवायचा तो आवाज त्याच्याखाली कुठल्या कुठे दबून गेला होता. माइकचा आवाज वाढवला, तर माइकने शिटी मारली. लोक आपसात बोलायला लागले. कोणीतरी म्हणालं, "ट्यूनिंग चाललंय अजून."

तीन वर्षं मी ज्या टिणटिणीला दार लावून घेत होते, ती आता मला कान देऊनही ऐकू येत नव्हती. मी उठले. भिंतीवरच्या बोर्डाशी गेले आणि एसी बंद केला.

बाहेर सप्टेंबर होता. कुवेतचा सप्टेंबर.  मग माणसं माना वळवायला लागली. बापू धावत आले.

"वहिनी, अहो एसी गेला वाटतं."

"मी घालवला."

"अहो, म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत."

"चार मिनिटांत कोणी मरत नाही, बापू. मी नर्स आहे. मरायला लागलं तर सांगेन."

आणि मी बोर्डाला पाठ लावून उभी राहिले. वॉर्डातल्या पोरी मला का घाबरतात, ते त्या दिवशी मंडळालाही कळलं. कोणी हललं नाही. आणि मग ऐकू आलं. अंगठ्याची संथ चाल, आणि तिच्यावर तो बारीक, थरथरता, सलग सूर. लोक कागदी ताटल्यांनी वारा घेत होते, त्याही हळूच घेत होते. इतकं सुंदर काहीतरी माझ्या घरात रोज होत होतं आणि मी दार लावून भाजी चिरत होते.

एका जागी सूर तुटला. बोटं तारेवरून घसरली, जिथे नख असतं तर घसरली नसती. हॉलमध्ये ते कोणाला कळलं नाही. त्याला कळलं आणि मला कळलं. तो थांबला नाही, पुढे गेला, शेवटापर्यंत गेला.

शेवटचा सूर विरला आणि मी एसी लावला. गार वाऱ्याचा पहिला झोत आला तसा हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले, पोरांनी शिट्ट्या मारल्या, बापूंनीसुद्धा डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवल्या. अभिनव गांगरून उठला. एवढ्या टाळ्या त्याने आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. त्याने उजवा हात छातीशी धरला आणि खाली वाकून नमस्कार केला, दोनदा केला. डोळे पाणावले होते त्याचे.

त्या टाळ्या कशासाठी होत्या, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.