एका जिन्याची दोन शिफारसपत्रं

परचुरे सरांनी पोर्टफोलिओचं पान उलटलं, थांबले, पुन्हा मागे गेले आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "हा तर मंदारचा जिना."

"माझा आहे, सर," उम्मेहानी म्हणाली.

"ते मला माहीत आहे." चहात साखर कमी पडलीय म्हणावं, इतक्या सहज म्हणाले सर. "पण अमेरिकेला माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी मंदारला तिकडच्या युनिव्हर्सिटीसाठी मी शिफारसपत्र दिलं, त्यात या जिन्याचं भरपूर कौतुक आहे. आता त्याच युनिव्हर्सिटीला तोच जिना तुझा म्हणून कसा कळवू? काढून टाक ते पान. बाकीचं काम चांगलं आहे की तुझं."

बाकीचं काम चांगलं होतं, पण त्यातलं कुठलंही तिच्यासारख्या आणखी दहाजणांना जमलं असतं. जिना तेवढा फक्त तिला सुचला होता. तो काढला की पोर्टफोलिओत तिचं म्हणून काही उरतच नव्हतं.

आर्किटेक्चरच्या कॉलेजात एक रीत आहे. शेवटच्या वर्षाचा थिसिस, म्हणजे एका अख्ख्या इमारतीचं डिझाइन, आला की ज्युनिअर पोरांनी सीनिअरच्या मदतीला जायचं. पुठ्ठे कापायचे, शीटवर शाई फिरवायची, मॉडेलमधली झाडं चिकटवायची. बदल्यात समोसे मिळतात, आणि आपली वेळ आली की आपलेही ज्युनिअर येतील असा भरवसा. या सगळ्याला कुणी राबणं म्हणत नाही, मदत म्हणतात. हा शब्द इतका गोड आहे की त्याच्या आड काहीही खपून जातं.

दुसऱ्या वर्षाला असताना उम्मेहानी अशीच मंदारच्या मदतीला गेली. त्यानं मुठेकाठचं एक भलं मोठं वाचनालय कागदावर काढलं होतं, आणि त्यात माणसं वरच्या मजल्यावर जाणार कशी याचा विचारच केला नव्हता. "जिना तूच बसव कुठेतरी," तो म्हणाला.

तिनं बसवला. रविवार पेठेत अब्बांचं फोटोफ्रेमचं दुकान, त्याच्यावर दोन खोल्या, आणि खोल्यांत पाच माणसं. तिचा सगळा अभ्यास लाकडी जिन्याच्या वळणावर, खिडकीपाशी झालेला. येणाऱ्याजाणाऱ्यानं पाय उचलून तिच्या वह्या ओलांडायच्या. वाचनालयाचा जिना तिनं त्याच आठवणीनं काढला. प्रत्येक वळण पुस्तक घेऊन बसता येईल एवढं रुंद, पाठीशी खिडकी, आणि चढणाऱ्याला बाजूनं मोकळी वाट.

मॉडेल चिकटवायचं काम रविवारी दुपारी चाललं होतं. दुपारची झोप थिसिसच्या दिवसांतही चुकत नाही, त्यामुळे मंदार घरी झोपायला गेला होता. स्टुडिओत विसरलेल्या किल्ल्या घ्यायला परचुरे सर आले, तेव्हा ती एकटीच होती. जिन्याचा शेवटचा टप्पा सारखा वाकत होता. सर समोर बसले आणि फेव्हिकॉल सुकेपर्यंत त्यांनी तो दोन बोटांत धरून ठेवला. "कुठून सुचलं?" त्यांनी विचारलं. "घरचाच जिना आहे, सर," ती म्हणाली होती.

थिसिस तपासायला आलेल्या ज्यूरीनं इमारतीकडे पाहिलंसुद्धा नाही, सगळे जिन्यावर खूश झाले. मंदार सगळ्यांना हसून धन्यवाद देत होता. मागे उभ्या असलेल्या मुलीचं नाव घ्यायला त्याच्या तोंडाला कष्ट पडले. आणि तिनं काय केलं? टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची तिला आता सगळ्यांत जास्त चीड येत होती.

"आणि हे बघ," सर पोर्टफोलिओ परत देत म्हणाले, "पत्राचा मजकूर तूच लिहून आण. मी सही करतो. मंदारनंही तसंच केलं होतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे जिन्याचं ते भरपूर कौतुक सरांनी केलेलंच नव्हतं. तिच्या जिन्याबद्दल मंदारनं स्वतःच स्वतःची पाठ थोपटली होती आणि सरांनी खाली सही ठोकली होती. हेच सर दर वर्षी पहिल्या तासाला बजावत, "दुसऱ्याची एक रेघ उचललीत तरी नापास करीन."

घरी येऊन तिनं मजकूर लिहिला. जिना ठेवला. तो कधी केला, कुणाच्या थिसिससाठी केला, सगळं खरं लिहिलं. पान तर काढलंच नाही. ती सरांच्या खासगी ऑफिसवर गेली तेव्हा सर गाडीत बसायच्या बेतात होते. हिंजवडीच्या आयटीवाल्यांसाठी ते तेव्हा काचेच्या इमारतींमागून काचेच्या इमारती उठवत होते. त्यांत जिने असत, पण आग लागली तर पळायला.

"सर, सही करण्याआधी एकदा वाचून घ्या," ती म्हणाली.

"विश्वास आहे गं तुझ्यावर. साइटवर काचा येऊन पडल्यात." त्यांनी बॉनेटवर कागद ठेवून सही केली, पाकिटावर केली, आणि गेले.

फेब्रुवारीत आम्रपालीचा दुकानावर फोन आला. ती उम्मेहानीच्या वर्गातली, सकाळी कॉलेज करून दुपारी सरांच्या ऑफिसात बसायची. सरांचे ई-मेल तीच उघडायची, कारण सरांना टायपिंगचा कंटाळा.

"अभिनंदन," ती कोरडेपणानं म्हणाली. "सरांनी आज स्वतः मेल वाचला. युनिव्हर्सिटी विचारतेय की एकच जिना दोन पोर्टफोलिओत आहे, दोन्हीकडे शिफारस तुमचीच, तर आहे कुणाचा? उत्तर मिळेपर्यंत तुझा अर्ज बाजूला ठेवलाय."

पाठोपाठ सरांचा फोन. "मला अडकवलंस तू."

"मी वाचा म्हणाले होते, सर."

"ते जाऊ दे. सामूहिक काम होतं असं कळवून टाकू. कुणाचं नुकसान नको. मसुदा तू लिहून आण, मी सही करतो."

तिनं फोन ठेवला. एवढं होऊनही या माणसाला स्वतः दोन ओळी लिहाव्याशा वाटत नव्हत्या. तिची चोरी झाली होती, आणि त्या चोरीवर पांघरूण घालायचं कामही तिच्याच गळ्यात येत होतं.

अब्बा घाबरले. "जा बेटा, घेऊन टाक सही. मोठा माणूस आहे, बिघडवू नको. इतकी वर्षं लोकांच्या सर्टिफिकेटांना काचा बसवल्या. तुझ्या सर्टिफिकेटांना बसवायच्यात अजून."

तीही घाबरलेली होतीच. दुसरीकडे अर्ज करायची मुदत टळून गेली होती. सामूहिक म्हटलं तर कदाचित प्रवेश मिळेलही, आणि नाही म्हटलं तर कदाचित सगळंच जाईल. पण ती गेली नाही.

शेवटी सरच आले. रविवार पेठेत गाडी लावायला जागा मिळवण्यात त्यांचा निम्मा ताठा उतरला असावा. अब्बांनी लगबगीनं स्टूल पुसलं आणि हातातल्या फ्रेमचा कोपरा दाबत पुन्हा कामाला लागले.

"सामूहिक म्हटलं की प्रश्न मिटतो," सर बसत म्हणाले.

"जिना कुणीकुणी केला, सर?"

"तसं नाही. इमारत मंदारची, जिना तुझा."

"मग तेच लिहा."

"मंदारचं काय होईल तिकडे? असिस्टंटशिप आहे त्याची."

"त्याची काळजी तुम्हांला दोन वर्षांपूर्वी वाटली आणि आजही वाटते," उम्मेहानी म्हणाली. "माझं काय होईल, हे एकदाही तुमच्या तोंडून आलं नाही. जिना माझा आहे हे तुम्हांला माहीत होतं. माहीत नसतं तर मला एवढा राग आला नसता."

अब्बांनी मान वर केली, पण ते तिला गप्प बस म्हणाले नाहीत.

सर खिशातून पेन काढून म्हणाले, "बरं. सांग तू, मी उतरवून घेतो."

"नाही, सर. मंदारनं लिहिलेल्यावर तुम्ही सही केलीत, मी लिहिलेल्यावरही केलीत. आता तुमचं तुम्ही लिहा. मला बरं वाटावं म्हणून नको. जे पाहिलंत तेवढंच."

तिनं कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि ती काचा पुसायला लागली. सरांनी पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पन्नाशीच्या, बक्षिसं मिळवलेल्या त्या माणसाला एक ओळ सुचेना. समोर अब्बा फ्रेमच्या कोपऱ्याला फेव्हिकॉल लावून तो बोटांत धरून बसले होते, सुकायची वाट बघत. सर त्या बोटांकडे बघत राहिले. मग खाली वाकून लिहायला लागले.

लिहून झाल्यावर त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. इंग्रजी मजकूर होता, खूप खाडाखोड. पहिल्या वाक्याचा अर्थ असा होता: हा जिना चिकटेपर्यंत मी स्वतः तो बोटांनी धरून बसलो होतो, समोर उम्मेहानी होती, मंदार तिथे नव्हता. पुढे लिहिलं होतं की आधीची दोन्ही पत्रं मी लिहिली नव्हती, त्यांवर नुसती सही केली, चूक माझी आहे.

उम्मेहानीनं शेवटपर्यंत वाचलं. डोळे भरून आले, पण राग गेला नाही, आणि तो एवढ्यात जावा असं तिला वाटलंही नाही. तिनं कागद परत सरांपुढे ठेवला.

"आता सही करा," ती म्हणाली. "पण त्याआधी एकदा वाचून घ्या."