सत्तेचाळीस नंबरच्या डोक्यावरची शाई

मी एक जुना हद्दीचा दगड आहे. नंबर सत्तेचाळीस. देवरीकडच्या जंगलात, एका तलावाच्या पाळीवर मी उभा आहे. उभा म्हणजे आता थोडा कललो आहे. मित्रांनो, माझ्या डोक्यावर निळे डाग दिसतील. ते पाखरांनी केलेले नाहीत. त्या डागांचीच ही गोष्ट.

राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा मला बैलगाडीतून आणून इथे पुरले. माझ्या पाठीशी तलाव आणि जंगल, म्हणजे उद्यान. समोर धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेते, आणि गाव. दिवाळी झाली की वनरक्षक यादोराव मला चुना लावी आणि आकडा लाल रंगाने गिरवी. मी जरा ताठ्यातच असे, खोटे कशाला बोलू? तलावात देवधान, म्हणजे आपोआप येणारा रानभात, उगवे आणि त्यात सारस पक्ष्यांची एक जोडी घरटे करी.

गावाचा मात्र माझ्यावर राग होता. उद्यानात मासोळी धरायची नाही, शिंगाडे लावायचे नाहीत. गावातल्या धुरपताच्या सासऱ्याने याच पाण्यात जन्मभर शिंगाडे काढले होते. ती जाता-येता मला लाथ मारी. पाय तिचाच दुखत असणार.

१९९९ साली गावातल्या ढिवरांचा, म्हणजे मासेमारांचा, म्होरक्या हिरालाल अर्ज घेऊन आला. आमचा तलाव उद्यानातून काढा, असे त्यात लिहिले होते. टेबल कुठून आणणार? माझे डोके सपाट, कागद तिथेच ठेवला. गावातल्या एकेकाने शाईत अंगठा बुडवला, कागदावर उमटवला आणि उरलेली शाई मला पुसली. यादोराव सायकल धरून बघत होता.

"काऊन घाई करून राहिले, हिरालालभाऊ? हा दगड तुमालेच नाही अडवत. बाहेरच्यालेबी अडवते."

"तुले सरकारची चाकरी हाय. तू तसाच बोलशीन," हिरालाल म्हणाला. सगळे हसले.

चार वर्षांनी अर्ज मंजूर झाला. हद्द तलावामागच्या टेकडीपलीकडे गेली. माझ्यावरच नारळ फोडून गावाने आनंद केला. मग चुना बंद झाला, गुरे माझ्यावर अंग घासू लागली. वाईट वाटले. पण धुरपता शिंगाड्यांची ओली टोपली माझ्या डोक्यावर टेकवून दम खाई, तेव्हा मनात येई, आपण रद्द झालो तेच बरे झाले.

२०११ साली जीप आली. माणसांनी जमिनीत भोके पाडून लाल माती काढली, तलावाभोवती फडकी लावलेल्या काठ्या रोवल्या. इथे लोखंडाची खाण निघणार, असे कळले. पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली सभा भरली. धुरपता उठली.

"हे त पार्काची जागा होय. इथं खाण कशी होते?"

खाणवाल्या साहेबाने फाइल उघडली. "बाई, ही पार्कची जागा नाही. तुम्हीच ती काढून घेतली. हे बघा तुमचे अंगठे."

हिरालालने आपला अंगठा मुठीत दाबून धरला.

दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा माझ्याजवळ जमले. नवा अर्ज होता, तलाव परत उद्यानात घ्या.

"शिंगाडा जाईन, धुरपता. मासोळीबी जाईन," हिरालाल म्हणाला.

"जाऊ दे. पानी त राहीन." तिने पहिला अंगठा दिला. शाई मला पुसली आणि हात तसाच माझ्यावर ठेवून ती रडली. मला हात असते तर मी तिचे डोळे पुसले असते.

त्या अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही. यंदा सारसाची जोडी आली, काठ्यांवरून दोन घिरट्या घालून निघून गेली. यादोराव आता नाही. त्याचे तेव्हा ऐकायला हवे होते, असे गावात सगळेच म्हणतात.

मित्रांनो, तुम्हाला अडवणारा दगड तुमच्याही गावात असेल. त्याच्यावर रागवा, लाथ मारा, चालेल. पण उपटण्याआधी त्याच्या पाठीमागे काय आहे, ते एकदा बघून घ्या.

परवा हिरालाल चुन्याचा डबा घेऊन आला. रद्द झालेल्या दगडाला कोणी रंगवत नाही. त्याने मला चारी बाजूंनी चुना लावला, सत्तेचाळीस गिरवला. डोके तेवढे तसेच ठेवले.

"तेथचं राहू दे," तो म्हणाला. "आमचे अंगठे हायेत ते."