जिन्याचं वळण

घर बघायला गेलेला माणूस आधी काय बघतो? कोणी नळ सोडून बघेल, कोणी भिंतीला हात लावून ओल बघेल, कोणी नुसताच खिडकीत उभा राहून समुद्र बघेल. आमचे हे जिना बघायचे. दारातून आत शिरले की चपला काढायच्या आधीच ह्यांची नजर जिन्याकडे. मग वळणावर जाऊन दोन्ही हात कोपरांत वाकवून, पसरून उभे राहायचे, तसेच पसरलेल्या हातांनी हळूहळू वळायचे, आणि कोपर भिंतीला लागलं की मान हलवायची. माडीची सहा घरं ह्यांनी अशी नापास केली. पाच बैठी होती, ती मी केली. या दमट देशात जमिनीलगतच्या खोल्यांना कायम ओला वास येतो आणि त्या वासानं मला खोकल्याची उबळ येते. नऊ दिवसांत अकरा घरं झाली, हाती काही नाही.

घरं दाखवणारी एजंट आमच्या मुलीच्या वयाची. तिची आई आमच्याकडची, त्यामुळे आमची भाषा ती अगदी घरातल्यासारखी बोलायची. शेवटी तिच्याही नाकी नऊ आले. गाडीत बसता बसता तिनं मला हळूच विचारलं, "काकू, काकांना नक्की हवंय तरी काय?"

"त्यांनाच विचार," मी म्हटलं. पण मला ठाऊक होतं. पहिल्या घरापासूनच ठाऊक होतं.

ह्यांनी चौतीस वर्षं रुग्णवाहिकेवर काढली. गाडी चालवायला नव्हे, स्ट्रेचर उचलायला. जिना आला की सारखं "सावकाश, सावकाश" म्हणत, म्हणून सगळा दवाखाना ह्यांना सावकाश याच नावानं ओळखायचा. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी घड्याळ दिलं, त्याच्या मागेही हेच नाव कोरलेलं. घड्याळावर असलं नाव घालणाऱ्यांचं मला कौतुकच वाटतं.

आता माझं. माझी फुफ्फुसं सुकत चालली आहेत. थंडी टाळा, धूर टाळा, असं डॉक्टर म्हणाले, म्हणजे थोडक्यात आमचं शहरच टाळा. वेळ किती आहे, असं विचारल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. दोन वर्षं, नीट जपलं तर तीन. बाहेर आल्यावर आम्ही दोघांनी चहा घेतला आणि त्या आकड्यावर मूग गिळून बसलो, ते बसलोच. राहता फ्लॅट विकून परदेशात समुद्रकाठी घर घ्यायचं ठरलं, तेव्हा शेजारीपाजारी म्हणाले, मजा आहे बुवा तुमची. आम्ही हो ना म्हटलं. इथल्या कायद्यानं परक्या माणसाला जमीन मिळत नाही, निवृत्त लोकांना घर तहहयात वापरायला मिळतं. कागदावर तो तहहयात शब्द वाचून मला हसू फुटलं. हे मात्र हसले नाहीत.

बारावं घर एका म्हाताऱ्याचं होतं. हयातभर होड्या बांधणारा सुतार, आता लेकीकडे राहायला निघालेला. खाली एक हॉल आणि स्वयंपाकघर, दोन्ही काळोखी आणि ओलसर. मी आत पाऊल टाकलं आणि खोकायला लागले. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि वर बोट दाखवलं.

जिना लाकडी, चौदा पायऱ्यांचा. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला हॉलवर उघडणारा कठडा, मध्ये एक वळण. मी दर तीन पायऱ्यांवर बसत बसत वर गेले. वर एकच खोली, तिला जोडून न्हाणीघर, तीन बाजूंना खिडक्या. वारा एका खिडकीतून येत होता आणि दुसरीतून जात होता, मध्ये कुठे थांबत नव्हता. मी पलंगाच्या कडेवर टेकले आणि श्वास घेतला. तो पार तळापर्यंत गेला. चार महिन्यांत असा श्वास मी घेतला नव्हता. डोळ्यांना पाणी आलं, ते मी पुसलंही नाही. इथे यायचं, आणि एकदा वर आलं की उतरायचंच कशाला, असं माझ्या मनानं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"हेच," मी जिन्याच्या तोंडाशी येऊन खाली सांगितलं. "आता दुसरं बघायचं नाही."

हे वळणावर हात पसरून उभे होते. दोन्ही कोपरं टेकली होती, एक भिंतीला, एक कठड्याला. "नाही," हे म्हणाले. "वळण अरुंद आहे."

"मला वळायला काही अडचण आली नाही."

"तुला नाही गं," हे म्हणाले आणि ह्यांनी जीभ चावली.

मी वरच्याच पायरीवर बसले. माझा स्वभाव तसा तापट, पण गेले चार महिने ओरडायला लागणारा श्वास माझ्याकडे नाही. मी बसूनच म्हटलं, "मला नाही, तर मग कुणाला? नऊ दिवस मी गप्प बसले. आज विचारते. मला इथून खाली कसं न्यायचं, हेच मोजताय ना?"

एजंट हॉलमध्ये कागद चाळत होती, तिचा हात थांबला. हे खाली उतरून सगळ्यात खालच्या पायरीवर बसले. माझ्याकडे पाठ करूनच बोलायला लागले.

"एक मास्तर होते, चौथ्या मजल्यावर. जिना असाच होता, स्ट्रेचर वळेना. शेवटी पट्ट्यांनी बांधून, उभे करून आणले त्यांना. दर वळणाला डोकं भिंतीला लागायचं. आता त्यांना काय कळतंय, म्हणून बाकीचे घाई करत होते. पण मागून त्यांची बायको उतरत होती. डोकं लागलं की दर वेळी ती 'आई गं' म्हणायची. चार मजले. तुला मी भिंतीला लागू देणार नाही."

चौतीस वर्षं हा माणूस कामावरून घरी येऊन हात धुऊन माझ्यासमोर जेवायला बसला, आणि हे कधी बोलला नाही. माझ्या काळजात चर्र झालं. राग मात्र गेला नाही. राग आणि माया एकाच वेळी येतात, निदान मला तरी येतात.

"अहो," मी म्हटलं, "मला वर श्वास येतो. मेल्यावर भिंतीला लागू नये म्हणून जिवंतपणी खाली खोकत पडू का मी?"

ह्यांच्या पाठीवरून मला कळलं की रडताहेत.

म्हाताऱ्यानं एजंटला काहीतरी विचारलं. कशावरून वाद चाललाय, असंच विचारलं असणार. ती आधी माझ्याकडे बघायला लागली. मी सांग म्हटल्यावर तिनं खाली मान घालून सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं आणि मागच्या दारानं निघून गेला. मला वाटलं, अपशकुनी माणसं म्हणून आता हा आपल्याला घरच देणार नाही.

तो परत आला तो लाकडी हातोडा घेऊन. जिन्याच्या वळणापाशी त्यानं कठड्याच्या चार खुंट्या एकेक करून खालून ठोकल्या. त्या वर आल्या तशा ओढून खिशात टाकल्या, आणि वळणावरचा कठडा अख्खाच्या अख्खा उचलून भिंतीला टेकवून ठेवला. आता त्या बाजूला नुसता मोकळा हॉल होता. मग तो बोलायला लागला, आणि एजंट आम्हाला सांगायला लागली.

"ह्या आजोबांची बायको दोन वर्षं वर अंथरुणाला खिळून होती. हा कठडा त्यांनी तेव्हा असा करून घेतला, तिला आडवीच खाली आणता यावी म्हणून. ती वरून करवतीचा आवाज ऐकत होती. काय करतोस, असं तिनं विचारलं. आजोबा म्हणाले, कठडा सैल झालाय, दुरुस्त करतोय."

"मग?" ह्यांनी विचारलं.

"मग काही नाही. ती बरं म्हणाली. पुढे सात महिने होती, पण कठड्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. आजोबा म्हणतात, तिला कळलं होतं. सैल कठड्याला करवत लागत नाही, एवढं सुताराच्या बायकोला कळणारच ना. काम चांगलं झालं, तिला कुठे धक्का लागला नाही. पण ते तिला सांगून करायला हवं होतं, असं म्हणतात."

म्हातारा हातोड्याच्या दांड्यावर अंगठा घासत होता.

हे उठले. वळणावर जाऊन हात पसरून उभे राहिले आणि हळूहळू वळले. कोपर कशालाच लागलं नाही. खात्री पटेना म्हणून पुन्हा उलटे वळले. मग ह्यांनी वर माझ्याकडे बघितलं, नऊ दिवसांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत.

"आधी काय जातं?" मी विचारलं. "डोकं की पाय?"

"पाय."

"आणि तुम्ही कुठे असाल?"

"आमच्या कामात नियम आहे," हे म्हणाले. "आपल्या माणसाला आपण उचलायचं नाही. हात थरथरतात."

"इथे कोण बघायला येतंय तुमचे नियम?"

ह्यांनी बराच वेळ विचार केला. कामाची गोष्ट असली की हे असाच विचार करतात. "मग मी पायांकडे राहीन," हे म्हणाले. "पायांकडचा माणूस उलटा उतरतो. तुझा चेहरा शेवटपर्यंत समोर दिसेल मला."

"चालेल," मी म्हटलं.

एजंट तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होती. म्हाताऱ्यानं तिला काही विचारलं, तशी ती वळली. "आजोबा विचारताहेत, कठडा आता काढूनच ठेवायचा का?"

"नको, नको," हे घाईघाईनं म्हणाले. दोघांनी मिळून तो उचलून जागेवर बसवला, चारही खुंट्या ठोकल्या, आणि ह्यांनी तो हलवून हलवून बघितला. मला अजून त्याला धरून वर चढायचं होतं.