खुर्चीवरचं लाल

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, कंपनीत नेमकं काय करतात हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. कुणी विचारलं की "कम्प्युटरमध्ये आहेत" म्हणायचं आणि विषय बदलायचा. शेवटी एकदा त्यांनीच समजावलं. एखादी वस्तू बनवायच्या आधी ती कम्प्युटरवर उभी करायची, तिच्यावर वजन टाकायचं आणि कुठे किती ताण येतो ते बघायचं. हे करून देणारं सॉफ्टवेअर त्यांची कंपनी बनवते. त्यातही हिशेब करणारे लोक वेगळे. भाऊजींकडे चित्र. कमी ताण तिथे निळा रंग, जास्त तिथे लाल.

"म्हणजे रंगारीच की हो तुम्ही," मी म्हटलं. तेव्हापासून घरात ते रंगारी झाले.

थोरला भाऊ माझ्या वाट्याला आला. ह्यांचं वर्कशॉप आमच्या इमारतीच्या मागेच. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे. हातात कला आहे, पण तोंडाला कुलूप. शिवाय नवीन काहीतरी करायची हौस दांडगी आणि ती निम्म्यात संपायची. एक घडीचं टेबल कधी पुरतं उघडलं नाही, एक कपडे वाळत घालायचं यंत्र कधी वर गेलं नाही. मी ह्यांना अर्धवटराव म्हणायचे. आधी चेष्टेत म्हणायचे, पुढे पुढे चेष्टा उरली नाही.

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. लिफ्ट नाही, जिना अरुंद. दवाखान्यातून आणलं तेव्हा चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर चढवलं. दुसऱ्या वळणावर खुर्ची कलली आणि त्या अशा किंचाळल्या की खालच्या मजल्यावरची दारं उघडली. पडल्या नाहीत, पण धसका घेतला. "आता मला माणसांच्या हातात देऊ नका. काहीतरी पक्कं करा, मग उतरते."

उतरायचं होतं त्यांना. इमारतीसमोर एक बाक होता, तिथे त्यांच्या दोन मैत्रिणी रोज बसायच्या. त्या गप्पा मारायच्या आणि ह्या वरून खिडकीतून बघायच्या. ऐकू काही यायचं नाही. "आज बहुतेक सुनांचा नंबर आहे," असं म्हणून माझ्याकडे डोळे वटारायच्या. आमचं भांडण व्हायचं, पण मला त्या हव्या होत्या.

हे कामाला लागले. पायऱ्यांच्या कडेवरून घसरत उतरणारी खुर्ची, मागे दांडा, एकट्या माणसाला पेलेल अशी. सांगाडा झाला, रिकामी खुर्ची जिन्यावरून झोकात उतरली. सगळा भार एका बिजागरीवर येत होता. "आई बसणार आहे, अंदाजपंचे नको," म्हणून ह्यांनी भावाला बोलावलं.

भाऊजी लॅपटॉप घेऊन वर्कशॉपमध्ये आले. मापं घातली, वजन टाकलं, चित्र उमटलं. मी चहा घेऊन तिथेच उभी होते. पडद्यावरची खुर्ची अशी वाकली होती की अंगावर काटा आला, आणि बिजागरी लालभडक.

"लाल म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

"तिथे ताण सगळ्यात जास्त." एवढ्यात भाऊजींचा फोन वाजला, कुणीतरी मोठं गिऱ्हाईक होतं. बोलत बोलत ते बाहेर गेले. परत आले तोवर हे दुसरं काहीतरी कापत बसले होते.

ह्यांनी बिजागरी जाड केली आणि नवी मापं पाठवली. भाऊजींनी ऑफिसमधून फोनवर नवं चित्र पाठवलं. आता बिजागरी पिवळी आणि दांड्याचं मूळ लाल. दांडा जाड केला, तर लाल पायाशी. असं बरेच दिवस चाललं. मग एकदा वर्कशॉपमध्ये गेले तर खुर्ची सुटी करून ठेवलेली.

"काय झालं?"

"नाही जमत."

"तुम्हाला काय जमलंय आजवर?" मी म्हटलं. भाऊजीही म्हणाले, "दादाचं हे नेहमीचंच."

सासूबाई दोन वर्षांनी गेल्या. तोवर एकदाही खाली आल्या नव्हत्या. शेवटी माणसांच्याच हातांनी उतरल्या.

परवा भाऊजींच्या कंपनीत घरच्यांना बोलावलं होतं. हे आले नाहीत, मी गेले. एका टेबलावर लहान मुलांसाठी खेळ ठेवला होता. कम्प्युटरवर स्टूल बनवायचं आणि त्यावर काहीतरी ठेवायचं. एका चिमुरडीने चिमणी ठेवली. स्टुलाचे पाय फाकले, बुडाशी लाल झालं.

"अगं बाई, चिमणीने मोडलं?" मी हसले.

टेबलापाशी उभी असलेली कंपनीतली मुलगीही हसली. "नाही हो काकू. लाल म्हणजे मोडलं असं नाही. या चित्रात जिथे सगळ्यात जास्त ताण, ती जागा लाल. माशी बसली तरी कुठेतरी लाल येणारच. आणि वाकलेलं दिसावं म्हणून आम्ही शेकडो पटींनी वाढवून दाखवतो. मोडतं की नाही ते या बाजूच्या आकड्यावरून कळतं."

भाऊजी मागे सरबताचा ग्लास घेऊन उभे होते. मी वळून विचारलं, "आईंच्या खुर्चीचा आकडा काय होता?"

"उत्तम होता की," ते सहज म्हणाले. "पहिल्याच वेळी. दादा उगाच जाड करत बसला. मला वाटलं, हौस आहे..." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ते थांबले. "वहिनी, त्याला माहीत नव्हतं?"

"कुणी सांगितलं होतं?"

ते तिथेच खुर्ची ओढून बसले. त्यांना घालायच्या शिव्या माझ्या अगदी ओठावर आल्या होत्या. पण वर्षानुवर्षं अर्धवटराव म्हणणारी मी कोण लागून गेले? मी एवढंच म्हटलं, "ह्यांना सांगायचं नाही. आईला पाडलं नाही, एवढं एकच समाधान आहे त्यांना."

भाऊजींना ते झेपलं नाही. रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन थेट वर्कशॉपमध्ये हजर. मी मागोमाग धावले. त्यांनी जुनं चित्र उघडलं, आकड्यावर बोट ठेवलं आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. "दादा, आईच्या चौपट वजन धरलं असतं तिने. तू पहिल्यांदा केली होतीस ती खुर्ची पक्की होती."

ह्यांनी लॅपटॉप जवळ ओढून आकडा वाचला. मी जवळ जाऊन ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझं चुकलं म्हणायचं होतं.

"तुझी चूक नाही," हे भावाला म्हणाले. "मी पण विचारायला हवं होतं. लाज वाटली. एवढी वर्षं लोखंडात काढली आणि खुर्ची मोडते."

"दादा..."

"ती रोज विचारायची, झाली का रे खुर्ची? मी म्हणायचो, होतेय. मग एक दिवस खरं सांगून टाकलं. म्हटलं, आई, काही केलं तरी ती मोडतेय." ह्यांनी हातमोजे काढून बाजूला ठेवले. "तर म्हणाली, मोडली तर मोडू दे, एकदा बसव तरी मला."

भाऊजी रडायला लागले.

"मी नाही बसवलं," हे म्हणाले.