बेचाळीस नंबरचं प्रोटीन

सरांचं खरं लग्न एका प्रोटीनशी लागलंय असं त्यांची बायको म्हणायची, आणि ती काही फार चुकत नव्हती. घरच्या लग्नाचा वाढदिवस सर दरवर्षी विसरत. प्रोटीनचा शोध छापून आला ती तारीख मात्र लॅबमध्ये न चुकता केक कापून साजरी होई, आणि त्या दिवशी घरी जेवायला उशीर होई तो वेगळाच.

प्रोटीनांच्या मापात त्याचं वजन बेचाळीस, म्हणून नावही बेचाळीस. पेशीच्या दारावर बाहेरून निरोप आला की तो आत थेट केंद्रकापर्यंत पोचवायचं काम हे बेचाळीस करतं, असं सरांनी एकोणीस वर्षांपूर्वी जाहीर केलं. त्यानंतर त्यांनी दुसरं काहीही केलं नाही. व्याख्यानं बेचाळीसवर, पाठ्यपुस्तकातला धडा बेचाळीसवर, खोलीच्या भिंतीवर बेचाळीसचं रंगीत चित्र. कुणाला साधी सर्दी झाली तरी सर भुवया चढवून म्हणत, "यातही बेचाळीसचा हात असणार बरं का!" कॅन्टीनमध्ये त्यांना 'टपालखातं' म्हणत. हे सरांच्या कानावर होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

अकरा विद्यार्थी त्यांच्या हाताखालून डॉक्टर होऊन गेले. बारावी होती धाकटी. शेवटची म्हणून धाकटी, कारण तिच्यानंतर सर निवृत्तच होणार होते. अकरावा गेला आणि धाकटी आली, त्या मधल्या दोन वर्षांत लॅबमध्ये विद्यार्थी म्हणून कुणीच नव्हतं. त्यामुळे तिला हाताला धरून शिकवायला वरचं कुणी मिळालं नाही. बिचारी सगळं पुस्तकात बघून शिकली. घोळ झाला तो तिथेच.

सोमवारी सकाळी ती प्रबंध काखेत आणि फोटो हातात घेऊन सरांच्या खोलीत आली.

"सर, हे बघता का एकदा?"

फोटोत दोन काळ्या रेघा होत्या. आता हे प्रकरण असं असतं, की पेशींचा रस काढून जेलच्या, म्हणजे एका लिबलिबीत पातळ वडीच्या, खाचांमध्ये भरतात, वीज सोडतात, आणि प्रोटीनं आपापल्या वजनाप्रमाणे वेगवेगळी होतात. मग त्यांच्यावर अँटीबॉडी सोडतात. ती हेरासारखी नेमकी आपल्या प्रोटीनला शोधून चिकटते आणि तिथे काळी रेघ उमटते. पहिल्या खाचेत धाकटीनं साध्या पेशींचा रस भरला होता. दुसरीतल्या पेशींमधून बेचाळीसचं जनुकच कापून टाकलं होतं. तिथे रेघ यायलाच नको. माणूस घरात नाही तर हेर धरणार कुणाला?

रेघ आली होती. पहिलीइतकीच काळीकुट्ट, ठसठशीत.

"पुन्हा कर," सर म्हणाले.

"सात वेळा केलंय सर."

"मग जनुक नीट कापलं गेलं नसेल."

"ते दोन ठिकाणांहून तपासून आणलंय. कापलं गेलंय." तिनं दुसऱ्या रेघेवर बोट ठेवलं. "सर, मला वाटतं आपली अँटीबॉडी भलत्यालाच चिकटतेय. आपण इतकी वर्षं ज्याला बेचाळीस म्हणतोय ना, ते बेचाळीस नाहीच आहे. त्याच वजनाचं दुसरंच काहीतरी आहे."

सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मग परत आला, तो दुप्पट होऊन.

"अगं, अकरा जणांनी हाच प्रयोग केलाय! कपाटातले प्रबंध काढून बघ. अकराही प्रबंधांत दुसरी खाच कोरी करकरीत आहे. ते अकरा जण गाढव आणि तू एकटी शहाणी का?"

"बघितले सर. म्हणून तर विचारायला आले." तिनं प्रबंध टेबलावर ठेवला. "शुक्रवारी द्यायचाय. तुमची सही राहिलीय. हा फोटो आत आहे."

ती गेली आणि सर त्या जाडजूड प्रबंधाकडे दारात आलेल्या पोलिसाकडे बघावं तसे बघत बसले. सही केली की बेचाळीस संपलं. धडा, व्याख्यानं, भिंतीवरचं चित्र, सगळं रद्दीत. नाही केली तर धाकटीची सहा वर्षं पाण्यात. सरांनी पाण्याला दोष देऊन पाहिला, फ्रीजला दिला, अँटीबॉडी पाठवणाऱ्याला तर मनातल्या मनात लाखोली वाहिली. पण तो फोटो काही केल्या पुसट होईना.

दुपारी ते घरी जेवायला गेले. बायको शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तिच्यासमोर त्यांनी सगळी भडास काढली.

"आजकालची पोरं! माझे आधीचे अकरा बघ. सोन्यासारखे. एकानं कधी उलटून शब्द काढला नाही."

"ते खरं हो. पण त्यांच्यातलं एकही तुमच्या त्या बेचाळीसकडे परत फिरकत का नाही? कुणी औषधं करतं, कुणी डासांवर काम करतं, एक तर म्हणे पोहायचे तलाव बांधतो."

"आदर असतो तो! सरांच्या विषयात लुडबुड करायची नाही म्हणून."

"अकराच्या अकरा जणांना इतका आदर?" ती ताट उचलता उचलता म्हणाली. "एखादा तरी आगाऊ निघायला नको होता? अहो, अख्ख्या वर्गाची उत्तरं शेवटच्या चुकीपर्यंत सारखी आली की मी काय ओळखायची?"

तोंड पुसायचंही भान न ठेवता सर लॅबमध्ये परतले आणि अकराव्याला फोन लावला.

"अरे वा, सर! तब्येत काय म्हणते?"

"तब्येत गेली खड्ड्यात. तुझ्या प्रबंधातली दुसरी खाच कोरी कशी आली?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"कमी भरून, सर. दुसऱ्या खाचेत रस पाव भागच भरायचा. मग रेघ इतकी फिकी होते की फोटोत दिसतच नाही."

"आणि दोन्हीकडे रस सारखा आहे हे दाखवायला खाली जी दुसरी रेघ लावतात, ती?"

"ती दुसऱ्याच जेलची चिकटवायची." तो अजिजीनं म्हणाला. "मला दहाव्यानं शिकवलं, त्याला नवव्या ताईनं. आपल्या लॅबमध्ये पहिल्या आठवड्यातच सांगून टाकतात ना सर. किल्ल्या कुठे टांगतात, कुठला नळ गळतो, आणि दुसरी खाच किती भरायची. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

सरांनी आठव्याला फोन केला. तेच. पाचव्याला केला, तो तर हसला, आणि मग हसल्याबद्दल तीनदा माफी मागत बसला. एकोणीस वर्षं ज्या मुलांच्या पाठीवर थाप मारली ती सगळी एकमेकांना डोळा मारत होती, आणि आपण मधोमध उभे राहून केक कापत होतो! सरांना संताप आला, आणि त्या संतापाखाली मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी त्यांनी थोरलीला फोन लावला. थोरली त्यांची पहिली विद्यार्थिनी. आता ती स्वतः एका मोठ्या संस्थेची प्रमुख होती आणि सर तिचं उदाहरण येताजाता सगळ्यांना देत.

"तुझ्यावर तर कुणी नव्हतं!" सर जवळजवळ ओरडलेच. "तू पहिली! तुला हे धंदे शिकवले कुणी?"

"तुम्ही, सर."

"मी?"

"मी दोन्ही खाचांत सारखं भरलं होतं. रेघ दोन्हीकडे आली. फोटो घेऊन आले तेव्हा तुम्ही विमानतळावर निघाला होता, टॅक्सी खाली उभी होती. तुम्ही उभ्या उभ्या बघितलंत आणि म्हणालात, 'दुसरीत जास्त भरलं गेलेलं दिसतंय, जरा कमी करून बघ.' मी कमी केलं. रेघ थोडी फिकी झाली. परत आल्यावर तुम्ही खूश झालात. म्हणालात, 'बघ, म्हटलं नव्हतं? आणखी कमी कर.'" ती थांबली. "मी चोवीस वर्षांची होते सर. मला वाटलं, असंच करत असतील. पुढे कळलं तेव्हा डॉक्टर झाले होते, आणि तुम्हाला सांगायची छाती झाली नाही. चुकलंच माझं."

सरांना ती टॅक्सी आठवली. खालून हॉर्न ऐकू येत होता, तोही आठवला. थोरलीचा चेहरा आठवेना, कारण त्या दिवशी त्यांनी तो पाहिलाच नव्हता. त्यांनी फोन ठेवला आणि त्यांना सरळसरळ लाज वाटली, लहान मुलाला वाटते तशी, कानशिलं तापवणारी.

मग त्यांनी धाकटीचा प्रबंध पुढे ओढून सहीचं पान काढलं. तिथे सगळ्या प्रबंधांत असते तीच ओळ छापलेली होती: 'सदर संशोधन माझ्या मार्गदर्शनाखाली झाले आहे.' ही ओळ त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच वाचली. अकरा वेळा तिच्याखाली न वाचता सही ठोकली होती, आणि अकराही वेळा ती अगदी शंभर टक्के खरी होती. बाराव्यांदा मात्र ती चक्क खोटी होती.

सरांनी सही केली, आणि प्रबंध द्यायला स्वतः उठून धाकटीच्या टेबलापाशी गेले.