कोरडी होडी

होड्यांचं ते संग्रहालय चालवायची सगळी निवृत्त मंडळी. पगार कुणालाच नाही, त्यामुळे रुबाब प्रत्येकाला. सर्वांत मोठा रुबाब मोठ्या बाईंचा. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. शाळा सुटली तरी छडी सुटली नव्हती. होड्यांतलं खरं कळायचं ते त्यांच्यातल्या एकट्या सुताराला, पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की तो मागच्या मागे सटकायचा.

तीन वर्षांपूर्वी गुडघे गेले तेव्हा त्याच्या थोरल्या भावाने आपली होडी इथे दिली. सुतार दर रविवारी तिच्यात चार बादल्या पाणी ओतायचा. लाकूड सुकलं की आक्रसतं आणि फळ्यांमध्ये फटी पडतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पण एकदा ओल्या फरशीवरून एक पाहुणी घसरली आणि बाईंनी बादलीच बंद केली. होडीला पॉलिश करून घेतलं, वर दिवे लावले. सुताराने चकार शब्द काढला नाही. होडी अशी काही चमकायला लागली, की लोक फोटो काढून थकेनात.

आता भाऊ अंथरुणाला खिळला होता. डॉक्टरांनी फार तर आठवडा सांगितला होता. त्याचं मागणं एकच होतं, एकदा होडीत बसवून पाण्यावर न्या.

सुतार लगोलग संग्रहालयात गेला आणि होडीखाली वाकला. तळातून वरचे दिवे दिसत होते. फटी एकवेळ पाण्यात लाकूड फुगून मिटल्या असत्या, पण तळाची मधली फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरली होती. बाईंना भावाची इच्छा कळली तेव्हा त्यांनी होडी न्यायला आनंदाने परवानगी दिली, वर चार माणसंही देऊ केली. तो नको म्हणाला.

भावाला मात्र त्याने सांगितलं, "दादा, बाई ऐकत नाहीत. इथली वस्तू बाहेर काढायची नाही, असा नियम आहे म्हणे."

भावाने बाईंना दोन शिव्या हासडल्या असत्या, तर सुताराला बरं वाटलं असतं.

"जाऊ दे," भाऊ म्हणाला. "तू आहेस तिथे, म्हणून तर निर्धास्तपणे दिली. पाणी घालतोस ना तिला?"

"घालतो की. दर रविवारी."

भावाने समाधानाने डोळे मिटले, आणि सुताराला स्वतःचीच शिसारी आली.